सांगलीत खाऱ्या पाण्याची पहिली टाकी करतोय, क्लाऊनफिशसाठी. सुरुवात कशी करू?

कृष्णाकाठ (सांगली), ९ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याच्या टाक्या सात वर्षं झाली करतोय, गप्पी मॉली एंजल गोल्डफिश सगळं झालं, पण खाऱ्या पाण्याला कधी हात लावला नाही. दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला गेलो होतो, तिथं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघितलं आणि तेव्हापासनं लेकीनं एकच धरलंय, घरी क्लाऊनफिश पाहिजे. चौथीत आहे. खरं सांगायचं तर मलाही पाहिजे, लहानपणी तारापोरवाला बघितलं होतं तेव्हापासनं मनात आहे.

गावातल्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले दोन फुटी टाकी घ्या, मीठ टाका, चौथ्या दिवशी मासे न्या, सोबत ॲनिमोन (क्लाऊनफिश ज्याच्या आसऱ्याला राहतो तो समुद्रातला जीव) पण देतो. मला ते काय पटेना. बजेट तीस हजार, थोडं पुढंमागं चालेल. घर गावभागात दुसऱ्या मजल्यावर. टाकी किती मोठी घेऊ, ॲनिमोन लागतोच का आणि समुद्राचं पाणी रत्नागिरीहून कॅन भरून आणलं तर चालेल का, एवढं सांगा.

खारवट (इस्लामपूर), ९ नोव्हेंबर

भावा चौथ्या दिवशी मासे हे आधी डोक्यातनं काढ. तू सात वर्षं टाक्या केल्यास म्हणजे सायकल तुला माहीत असणार, माशाच्या कल्ल्यातनं आणि उरलेल्या खाण्यातनं अमोनिया येतो, एक जातीचे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्याचा नायट्रेट. खाऱ्यात पण तेच, पण इथं दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि पीएच जेवढा वर तेवढा त्याच अमोनियाचा विषारी भाग जास्त, म्हणजे गोड्या पाण्यात जो आकडा मासा सोसून नेतो तोच इथं त्याला जाळतो. दुसरं, बॅक्टेरिया बसायला वेळ लागतो, चार ते सहा आठवडे धरूनच चाल. ते पाण्यात तरंगत नाहीत, दगडावर आणि वाळूवर बसतात, म्हणून तुझा खरा फिल्टर दगड. बाहेर लावायचा डबा नंतरची गोष्ट.

टाकी ३० × १५ × १६ इंच घे. भरून ११८ लिटर होते, दगड वाळू आणि वरची मोकळी जागा गेली की शंभरच्या आतच पाणी राहतं. दोन क्लाऊनला बास आहे. दोन फुटी पण चालते पण पहिल्यांदा करणाऱ्यानं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कमी पाण्यात चूक लगेच मोठी होते.

ॲनिमोन लागत नाही. अजिबात. हॅचरीत (माशांच्या पैदास केंद्रात) वाढलेल्या माशानं तर तो आयुष्यात बघितलेला नसतो. समुद्रात त्याला त्याच्या आसऱ्याशिवाय कोणीही खाईल म्हणून तो तिथं राहतो, तुझ्या टाकीत त्याला खाणारं कोण आहे? ॲनिमोनला लख्ख उजेड आणि मुरलेली टाकी लागते, वर्षभर तरी थांब. तो मेला की एका रात्रीत सगळं पाणी नासवतो आणि मासे घेऊन जातो.

अजिंक्यतारा (सातारा), १० नोव्हेंबर

समुद्राच्या पाण्याबद्दल मी सांगतो कारण मी ते केलंय. पहिले चार महिने कोकणातनं दर खेपेला २० लिटरचे पाच कॅन आणायचो, उन्हाळ्यात काही वाटलं नाही पण ऑगस्टमध्ये आणलेलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) १.०१४ आलं, खाडीचं आणि पावसाचं गोडं पाणी मिसळलेलं. आपल्याला पाहिजे १.०२५ च्या आसपास. जेटीजवळ भरलं तर डिझेलचा तवंग वेगळाच. पाणी चांगलं असेल तर ते उत्तमच असतं हे मी नाकारत नाही, पण दर आठवड्याला घाट कोण उतरणार. मी आता पाकिटातलं समुद्री मीठ वापरतो आणि सुखी आहे.

आणि अजून एक, माझी जी चूक झाली ती सांगतो. आमच्याकडं कासचं पाणी येतं, सगळे म्हणतात एकदम हलकं पाणी आहे, मी म्हटलं मग आरओ कशाला. नळाचं पाणी घेतलं, त्यातलं क्लोरीन घालवलं, मीठ घातलं. दोन महिन्यांत सगळ्या दगडावर शेवाळाचे हिरवे केस. हलकं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, त्यात फॉस्फेट नायट्रेट काय आहे ते चवीला कळत नाही. तुम्ही कृष्णेचं पाणी वापरणार तर आरओ आणि त्यापुढं डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार धरणारा फिल्टर) घ्याच, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजतो तो) शून्य आलं पाहिजे. घरातला प्यायचा आरओ शून्य देत नाही, त्यात चवीसाठी मुद्दाम क्षार सोडलेले असतात.

नवागडी (कराड), १० नोव्हेंबर

मी पण हेच करायच्या विचारात आहे म्हणून इथंच विचारतो. साधं खायचं मीठ का चालत नाही? आणि मालवणला मित्र आहे तो म्हणतो किनाऱ्यावर पोवळ्याचे दगड मिळतात, पोतंभर आणून देतो. ते लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया बसलेले जिवंत दगड) म्हणून चालतील का?

शिंपलीताई (मिरज), १० नोव्हेंबर

नवागडी, नका आणू. मनापासून सांगते, एक दगडही नको. दगडी पोवळी आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. ती उचलणं, बाळगणं, विकणं, सगळाच गुन्हा. मालवणला तर १९८७ पासनं सागरी अभयारण्य आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आपण समुद्र आवडतो म्हणून टाकी करतो ना, मग समुद्र खरवडून कशी करायची? सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे खास टाकीसाठी केलेले कोरडे सच्छिद्र दगड मिळतात, ते घ्या. त्यांना जिवंत व्हायला महिना दोन महिने जास्त लागतात आणि बाहेरची कीडही येत नाही.

खायच्या मिठात जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड, वर आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेली पावडर. समुद्रात मॅग्नेशियम कॅल्शियम सल्फेट पोटॅशियम बायकार्बोनेट असं पुष्कळ असतं आणि माशाचं शरीर त्या सगळ्यावर चालतं. समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणं थोडं बदलतं. बादलीत पाणी घ्यायचं, पंप सोडायचा, मग त्यात मीठ घालायचं, रात्रभर फिरू द्यायचं. उलटं करू नका, मिठावर पाणी ओतलं तर पांढरा साका बसतो आणि तो परत विरघळत नाही. आणि टाकीत मासे असताना सरळ टाकीत मीठ कधीच टाकायचं नाही.

तासगावकर_फॅब्रिकेशन, ११ नोव्हेंबर

मासे मला कळत नाहीत पण स्टँड कळतो, अशा चार टाक्यांचे केलेत. पाणी दगड काच धरून ही दीडशे किलोच्या पुढं जाईल. लोखंडी अँगलचा स्टँड करणार असाल तर साधा ऑइलपेंट नको, पावडर कोटिंग करून घ्या, वेल्डिंगचे सांधे सगळीकडनं भरलेले बघा. पाणी उडून जिथं सुकतं तिथं मीठ चढत जातं आणि वर्षात पापुद्रे निघतात. वर १८ एमएमचा मरीन प्लाय आणि त्यावर थर्माकोल किंवा फोमशीट. लेव्हल ट्यूब लावून चारी कोपरे बघा. दुसऱ्या मजल्यावर स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, बीमच्या बाजूला, भिंतीला लागून.

लाईटचं पण बघा. मीठ वायरवरनं सरकत बोर्डापर्यंत जातं. प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर न्या म्हणजे थेंब झोळात गळून पडतो. आणि त्या पॉइंटला ईएलसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) पाहिजेच, घरात लहान पोरगी आहे.

कृष्णाकाठ, १ डिसेंबर

दादा, ताई, सगळ्यांचे आभार. तुम्ही सांगितलं तसंच केलं. टाकी आली, १८ किलो कोरडे दगड, खाली दोन बोटं वाळू, १०० वॅटचा हीटर, दोन छोटे वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारे पंप), आरओ डीआय. सगळं मिळून ३४ हजार झाले. अमोनियासाठी बाजारातनं एक कोळंबी आणली, मलमलच्या पुरचुंडीत बांधून दगडामागं सोडली. बायकोनं दोन दिवस हॉलमध्ये पाय ठेवला नाही एवढा वास. पाचव्या दिवशी किटवर अमोनिया २ पीपीएम आला तेव्हा पुरचुंडी काढली.

आज १५ वा दिवस. अमोनिया अर्ध्यावर आलाय, नायट्राइटची नळी मात्र गडद जांभळी. लेकीनं वहीत तारखेप्रमाणं रंग काढायला सुरुवात केलीय, नळीचा जो रंग तोच खडू. अजून किती दिवस धरू?

खारवट, १ डिसेंबर

नायट्राइट सगळ्यात जास्त रेंगाळतो, काही करू नको. पाणी बदलू नको, बाटलीतले बॅक्टेरिया ओतत बसू नको. दिवा पण बंद ठेव. दोन्ही शून्य आले की परत एकदा अमोनिया २ पर्यंत ने आणि बघ, चोवीस तासांत दोन्ही शून्य झाले तर टाकी तयार. ही परीक्षा चुकवू नको.

वहीची कल्पना लय आवडली.

शिंपलीताई, २ डिसेंबर

भाऊ तुम्ही गावभागात राहता म्हणून एक सांगायचं राहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीतच होते. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ४५ ला धोका पातळी, म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही वरच्या मजल्यावर, घरात पाणी आलं नाही पण लाईट गेली ती गेलीच. माझी जोडी तेव्हा दोन वर्षांची. पंप बंद पडला की खाऱ्या टाकीत पहिला मरतो तो श्वास, खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन आधीच गोड्यापेक्षा कमी मावतो. माझ्याकडं सेलवर चालणारे दोन एअरपंप होते आणि डब्यात सेल. एक चालवायचा, तो मंद झाला की दुसरा. पाच दिवस मासे उपाशी ठेवले मुद्दाम, खाणं नाही तर घाण नाही. मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. रात्री मेणबत्ती धरून बघायचे, दोघं एअरस्टोनच्या बुडबुड्यांना चिकटून उभे असायचे. दोघं वाचले.

इन्व्हर्टर असला तरी सेलचा पंप घेऊन ठेवा. जूनच्या आधी.

कृष्णाकाठ, २ डिसेंबर

ताई आजच मागवतो. तेव्हा आम्ही खाली होतो, सगळं सोडून विश्रामबागला मेहुण्याकडं गेलो होतो. ह्या घरी दुसरा मजला त्यामुळंच घेतला.

कृष्णाकाठ, २६ डिसेंबर

परीक्षा पास! २२ तारखेला दोन्ही शून्य होते, अमोनिया परत घातला, दुसऱ्या दिवशी दोन्ही शून्य. नायट्रेट ४० च्या वर होता म्हणून निम्मं पाणी बदललं.

पण एक घोळ झाला ते विचारायचंय. टाकीची पातळी रोज बोटभर खाली जायची, मी बनवलेलं खारं पाणी घालून भरत होतो. काल रिफ्रॅक्टोमीटर बघितला तर १.०३१. आणि सगळ्या वाळूवर तपकिरी मळ बसलाय, हाताला लागतो, पुसला की दुसऱ्या दिवशी परत.

अजिंक्यतारा, २६ डिसेंबर

पाणी उडून जातं, मीठ नाही. ते आत आहे तिथंच राहतं. म्हणून रोजची तूट कायम साध्या आरओ डीआय पाण्यानं भरायची, खारं पाणी फक्त पाणी बदलताना. काचेवर एक रेघ मारा मार्करनं आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत भरा. आता मासे नाहीत तोवर एकदम उतरवलं तरी चालेल, मासे असते तर हळूहळू उतरवायला लागलं असतं. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रवानं जुळवून घ्या, नुसत्या साध्या पाण्यावर शून्य केलेला बऱ्याचदा वरती चुकतो.

तपकिरी मळ म्हणजे डायटम (सूक्ष्म शेवाळ), सिलिका खातात, प्रत्येक नव्या टाकीत येतात. तीन चार आठवड्यांत आपोआप जातात.

नवागडी, २७ डिसेंबर

मासे कुठनं घ्यावेत ते पण सांगा कोणीतरी.

शिंपलीताई, २७ डिसेंबर

हॅचरीतलेच घ्या. समुद्रातनं धरलेला मासा उपाशी, घाबरलेला, रोग घेऊन येतो आणि बऱ्याचदा गोळी खाणं ओळखतच नाही. आपल्याकडं क्लाऊनफिशची पैदास सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी मंडपम, विळिंजम केंद्रांत बसवली. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत समुद्री माशांच्या पैदाशीचं काम झालंय. तेव्हा पकडलेला मासा घ्यायचं काही कारणच उरत नाही. विचारून घ्या, लेखी मागा. पहिल्यांदा ओसेलारिस ही क्लाऊनची जातच घ्या, शांत असतो.

दोन छोटे घ्या, एक थोडा मोठा एक थोडा लहान. नर मादी कुठली म्हणून दुकानदाराला विचारू नका कारण लहानपणी ते काहीच पक्कं नसतं, पुढं नर होतात आणि जोडीत जो वरचढ तो मादी होतो. एकदा मादी झाली की परत नर नाही. मादी गेली तर उरलेला नर मादी होतो. माझ्याकडची मादी बोटाएवढी आहे आणि नर तिच्या निम्मा, तो तिच्यासमोर अंग थरथरवतो, ते भांडण नाही, मान देणं आहे. दोन सारख्या आकाराचे घेतले तर कोण मोठं हे ठरेपर्यंत शेपट्या फाटतात.

दुकानात तुमच्या समोर खाऊ घालायला सांगा. अंगावर पांढरट बुळबुळीत थर असेल आणि धापा टाकत असेल तर ती ब्रूक्लिनेला, क्लाऊनला होणारी खास बाधा, दोन तीन दिवसांत मासा जातो. मिठाच्या दाण्यासारखे ठिपके म्हणजे इच नावाचा परजीवी रोग. असला मासा दयेनं घरी आणू नका. आणि धडधाकट दिसला तरी वेगळ्या टबात चार आठवडे ठेवा, स्पंज फिल्टर, हीटर आणि पीव्हीसीचा एक तुकडा लपायला. औषध द्यायचं ते तिथंच. तांब्याचं औषध मोठ्या टाकीत गेलं की दगड ते शोषतो आणि पुढं तिथं गोगलगाय, झिंगा, ॲनिमोन काही जगत नाही.

खारवट, २८ डिसेंबर

ताईंच्या लिहिण्यात एक जोडतो. बसच्या पार्सलनं रात्रभर प्रवास करून मासा आला तर तास दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच पडलेला असतो म्हणून तिथला अमोनिया माशाला बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. विक्रेत्याला आधी फोन करून पिशवीचा खारटपणा विचारायचा, टबाचं पाणी तेवढंच ठेवायचं, बंद पिशवी पंधरा वीस मिनिटं तरंगवायची, मग उघडून जाळीनं मासा लगेच टबात. पिशवीतलं पाणी मोरीत.

कृष्णाकाठ, १८ जानेवारी

आले. पहाटे साडेपाचला स्टँडवर जाऊन खोकं घेतलं, लेक स्वेटर घालून गाडीवर मागं, खोकं तिच्या मांडीवर. दोघं ओसेलारिस, एक दीड इंच, एक इंचभर. आता टबात आहेत. पहिल्या दिवशी काही खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आर्टेमिया (बारीक झिंग्यासारखं खाणं) घेतलं.

कृष्णाकाठ, २ मार्च

टब सहा आठवडे चालवला, घाई केली नाही. १ तारखेला मोठ्या टाकीत सोडले. दोघं एका कोपऱ्यात वरच्या बाजूला राहतात, तिरके होऊन झोपतात, बायको पहिल्या रात्री घाबरलीच मासा मेला म्हणून. नायट्रेट १०, पीएच ८.२. दर रविवारी १० लिटर पाणी बदलतोय. सकाळ संध्याकाळ चिमूटभर गोळी, एक मिनिटात संपेल एवढीच.

आता उन्हाळ्याचं सांगा. आजच दुपारी पाणी २८ ला गेलं. चिलरची (पाणी गार करायच्या यंत्राची) किंमत बघून बसलोय.

खारवट, २ मार्च

चिलर लगेच नको. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा छोटा पंखा लाव, दोन तीन अंश उतरतं. पाणी दुप्पट उडेल तेवढं रेघेपर्यंत भरायचं, आरओ डीआय जास्त करून ठेव. काचेचं झाकण काढून जाळी टाक कारण क्लाऊन उडी मारतो. दिवा दुपारी बंद, संध्याकाळी पाच ते रात्री अकरा चालव. हे सगळं एप्रिल मेच्या कोरड्या हवेत चालतं, जूनला हवा दमट झाली की पंख्याचा जोर कमी होतो पण तोवर ऊनही उतरलेलं असतं. क्लाऊन २९ पर्यंत सोसतो, पोवळी ठेवली असतीस तर चिलर घ्यायलाच लावला असता.

कृष्णाकाठ, २१ एप्रिल

बाहेर ४०, टाकीत २७.५. पंखा बसला.

मोठ्या माशानं कोपरा सोडून दगडाखालची जागा धरलीय. तोंडात वाळू घेतो, दोन वीत लांब जाऊन थुंकतो, परत येतो. चार दिवसांत एवढा खड्डा केलाय की दगडाचा पाया दिसायला लागला. धाकटा त्याच्या शेपटीमागनं सारखा असतो, मोठ्यानं वळून बघितलं की एका अंगावर कलून थरथरतो, ताईंनी सांगितलं तसंच. काल काच पुसताना मोठ्यानं माझ्या बोटाला येऊन टोचलं, दात लागत नाहीत पण कळतं.

ताई, दगड घसरायची भीती वाटते. वाळू काढून दगड सरळ तळाच्या काचेवर टेकवू का आता, का मासे असताना हात घालू नको?

शिंपलीताई, २१ एप्रिल

हात घाला भाऊ, पण दगड उचलू नका, जिथं आहे तिथंच खालनं वाळू बाजूला करून हळूच काचेवर बसू द्या, दगड आणि काचेत प्लास्टिकची जाळी सरकवा. हाताला जखम असेल तर हातमोजा घाला आणि झाल्यावर साबणानं हात धुवा, खाऱ्या टाकीतले काही जंतू कापल्यातनं शिरतात आणि महिनोन् महिने बरं होत नाही.

वाळू परत आत टाकणारच तो, ते चालू द्या. आणि त्या दगडाचा सपाट चेहरा कुठल्या बाजूला आहे तो बघून ठेवा. पुढं वर्ष दीड वर्षानं दोघं तो तोंडानं घासून साफ करायला लागले की समजायचं अंडी येणार. नारिंगी असतात, दाण्याएवढी पण नाहीत, आठवड्याभरात त्यांच्यात चंदेरी डोळे दिसतात. बाप दिवसभर पंखानं वारा घालतो.

कृष्णाकाठ, २२ एप्रिल

बसवला दगड, हलत नाही आता. सपाट बाजू हॉलकडं तोंड करून आहे, लेकीनं वहीत चित्र काढून त्यावर बाण मारलाय. उद्याच्या पाण्यासाठी बादलीत मीठ फिरतंय.